वासा म्युझियम, स्टॉकहोम: ५ पैकी ५, घाईत जाऊ नका

तासाभरात बघून होईल असं धरून गेलो होतो आणि बाहेर पडलो ते थेट बंद व्हायच्या वेळेला. सोबत बाबा होते, त्यांची वीस वर्षं नेव्हीत इंजिनरूममध्ये गेलीत, म्हणजे जहाज दिसलं की ते एका जागी खिळणार हे माहीत होतं, पण इतका वेळ खिळतील असं वाटलं नव्हतं.

आत शिरलं की आधी अंधारच जाणवतो. लाइट मुद्दाम कमी ठेवलेत आणि हवा गार आहे, लाकूड टिकावं म्हणून, तर जॅकेट काढून ठेवू नका. मग डोळे सरावतात आणि समोर अख्खं वासा उभं, स्वीडनचं जुनं युद्धजहाज. मॉडेल नाही, खरं जहाज, ६९ मीटर लांब, आणि त्यातलं ९८ टक्के लाकूड मूळचं आहे. १६२८ ला बुडालं, १९६१ ला वर काढलं, मधली ३३३ वर्षं तळाशी. बाल्टिकचं पाणी कमी खारट असल्यामुळे लाकूड पोखरणारे किडे तिथे फारसे जगत नाहीत म्हणून वाचलं. वर काढल्यावर सुकून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षं केमिकल फवारत होते, १७ वर्षं! जहाजाच्या आत जाता येत नाही आणि ते बरोबरच आहे, पण चारी बाजूंनी वेगवेगळ्या मजल्यांवरून बघता येतं.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. स्वीडनचं पोलंडशी युद्ध चालू होतं, राजा गुस्ताव अडॉल्फला नवीन जहाज लवकर हवं होतं, ६४ तोफा, त्याही दोन मजल्यांवर. वरचा भाग जड झाला आणि बुड अरुंद राहिलं. निघायच्या आधी टेस्ट घेतली होती, ३० माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, आणि तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की अॅडमिरल फ्लेमिंगने टेस्ट थांबवली. टेस्ट थांबवली, जहाज नाही थांबवलं. १० ऑगस्टला निघालं, बंदरावर लोक बघायला जमलेले, वारा काही फार नव्हता, एक झोत आला तेव्हा कललं आणि सावरलं, दुसऱ्या झोताला खालच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत. सगळा प्रवास साधारण १३०० मीटरचा.

बाबा त्या खालच्या खिडक्यांच्या समोर उभे होते. झाकणांच्या आतल्या बाजूला सिंहाची तोंडं कोरलीयेत, म्हणजे झाकण उघडलं की सिंह समोरच्याकडे बघणार. बाबांनी फक्त विचारलं, "पहिल्याच दिवशी उघड्या ठेवून निघाले?" हो, सलामीच्या तोफा डागायच्या होत्या ना. त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग एक गोष्ट सांगितली जी घरी कधीच ऐकली नव्हती. एकदा पंपाच्या सीलमधून पाणी गळतंय म्हणून त्यांनी लॉगबुकात नोंद केली, वरून निरोप आला की ठरल्या वेळेला निघायचंय, तर त्यांनी पुढच्या पाळीला तीच नोंद परत केली, आणि जहाज एक दिवस उशिरा निघालं. एवढंच. ही गोष्ट त्यांना त्या खिडक्यांसमोर का आठवली ते मला लगेच कळलं.

चौकशीचा भाग तर नक्की वाचा. कॅप्टनला अटक झाली, बांधणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले मापं राजाने मंजूर केलेली, दोष कोणाचा म्हटलं तर उत्तर आलं देवालाच ठाऊक. शिक्षा कोणालाच नाही. जहाजात सुतारांच्या मोजपट्ट्याही सापडल्यात, काही १२ इंची फुटाच्या आणि काही ११ इंची फुटाच्या, दोन देशांचे कारागीर एकाच जहाजावर आपापल्या पट्टीने काम करत होते. बरं, याच्यानंतर बांधलेलं जोडीचं जहाज एप्लेट थोडं रुंद केलं, आणि ते ३० वर्षं नीट चाललं! म्हणजे उपाय त्याच लोकांच्या हातात होता.

जहाज बुडालं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टॉर्पेडो नाहीतर तोफगोळा येतो, मे १९४१ ला एचएमएस हूड गेलं तेव्हा १४१८ पैकी तिघे वाचले, ते युद्ध होतं. पण समोर कुणी शत्रू नसताना गेलेलीही किती आहेत. ब्रिटिशांचं एचएमएस कॅप्टन १८७० ला असंच वरून जड म्हणून उलटलं, आणि ज्याने ते डिझाइन केलं तोही त्यात बुडाला. रशियाची कुर्स्क पाणबुडी २००० साली सरावात गेली, तिच्यातल्याच टॉर्पेडोचा स्फोट, ११८ माणसं.

सगळ्यात खालच्या मजल्यावर सांगाडे आहेत आणि त्यांच्या कवट्यांवरून बनवलेले चेहरे. साधारण ३० माणसं गेली असं मानतात. एका सांगाड्याला 'जी' नाव दिलेलं, कित्येक वर्षं पुरुष समजत होते आणि गुस्ताव म्हणायचे, २०२३ ला डीएनएवरून कळलं की ती बाई होती, आता गेरट्रूड म्हणतात. बाबांनी तिथे टोपी काढून हातात घेतली.

जाणाऱ्यांसाठी: १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि वरून सुरुवात न करता सरळ खालच्या मजल्यावर उतरा, गर्दी व्हायच्या आत त्या चेहऱ्यांसमोर शांतपणे उभं राहता येतं. छोटी फिल्म आहे ती नंतर बघा. वेळ उरला तर जवळच व्राक म्हणून बुडालेल्या जहाजांचंच दुसरं म्युझियम आहे, आमचं ते राहिलं, बाबा म्हणतायत पुढच्या वेळी दोन दिवस काढून जायचं.