ऑफिस सॉफ्टवेअरची ७९९ रुपयांची की आणि त्यानंतरचं रीतसर लायसन्स: आमच्या छापखान्यातला आठ महिन्यांचा अनुभव

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये आमचा ऑफसेट छापखाना आहे. औषधांची कार्टन, लेबलं आणि सीझनला मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल. कॉम्प्युटर सात. ऑगस्ट २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ ची बिझनेस लायसन्सं अधिकृत डीलरकडून घेऊन वापरतेय. पण त्याआधीचे सहा महिने मी काय वापरत होते ते आधी सांगते, कारण "लहान उद्योगांसाठी नव्वद टक्के सूट" असल्या जाहिराती पाहून इस्टेटमधले ओळखीचे लोक अजूनही मला फोन करतात, "ताई, घेऊ का?" म्हणून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी अशाच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या (वर्ड, एक्सेल वगैरे) चार की, म्हणजे ते सुरू करायचे कोड, घेतल्या. एकीचे ७९९ रुपये, "लाइफटाइम". पैसे भरल्यावर त्यांच्या माणसाने रिमोटने एकेक कॉम्प्युटर ताब्यात घेतला आणि वीस मिनिटांत ऑफिस सुरू करून दिलं. बिल म्हणून एक पीडीएफ आली. त्यावर जीएसटी नंबर नव्हता. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि ते द्यायला हवं होतं.

ऑगस्टचा तिसरा आठवडा. गणपतीला आठच दिवस, बाहेर धो धो पाऊस, निम्मी माणसं पोचलेली नाहीत. डीटीपीवाल्या काकांचा आतून आवाज, "ताई, वर लाल पट्टी आलीये. एक्सेल उघडलं की दर वेळी खिडकी येते, ॲक्टिव्हेट करा म्हणतेय." दुपारपर्यंत दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच, दुसऱ्या दिवशी चारही. विक्रेत्याला मेसेज केला. त्याने एक फाइल पाठवली आणि लिहिलं, अँटिव्हायरस बंद करा, ही चालवा, परत सहा महिने चालेल. मी तिथेच थांबले. त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या ग्राहकांची, अजून बाजारात न आलेल्या औषधांची डिझाइन्स असतात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून त्याचं दार उघडं टाकायचं मला पटेना.

माझा भाचा ऐरोलीत आयटीत आहे. त्याने शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन तपासलं. चारही ठिकाणी ऑफिसची एलटीएससी प्रोफेशनल प्लस ही आवृत्ती होती. ती सुटी विकलीच जात नाही, संस्थांच्या व्हॉल्यूम, म्हणजे घाऊक, करारात मिळते. अशा करारात ऑफिस संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरशी बोलून ॲक्टिव्हेट होतं, त्याला केएमएस म्हणतात. एकदा बोललं की १८० दिवसांची मुदत मिळते, आणि मधे मधे पुन्हा बोलत राहिलं तर ती पुढे सरकते. आमची ऑफिसं विक्रेत्याने उभ्या केलेल्या कुठल्यातरी सर्व्हरशी जोडलेली होती, तो बंद पडला. वीस फेब्रुवारीपासून १८० दिवस मोजा, १९ ऑगस्ट येतो. लाइफटाइमचा अर्थ तेवढाच होता.

खरी भीती वेगळीच होती. आमच्या एका औषध कंपनीचं व्हेंडर ऑडिट, म्हणजे पुरवठादार म्हणून आमची तपासणी, सप्टेंबरमध्ये ठरलेलं, आणि त्यांच्या यादीत सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा पुरावा हा मुद्दा असतो. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब: बेकायदा प्रत माहीत असूनही वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. लाल पट्टी दिसल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोयही संपली.

मग नौपाड्यातल्या एका डीलरकडे गेले. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे बिझनेस बेसिक आणि बिझनेस स्टँडर्ड असे प्लॅन असतात. तो सुरुवातीला सातही माणसांना स्टँडर्ड लावायला निघाला होता. इथे मात्र मी वही काढून बसले: कोण काय उघडतं, दिवसातून किती वेळ. स्टँडर्डमध्ये कॉम्प्युटरवर बसवायचं वर्ड-एक्सेल मिळतं. बेसिकमध्ये ते फक्त ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतं, पण ईमेल आणि माणशी एक टीबी जागा दोन्हीकडे आहे. आमच्याकडे तिघांना स्टँडर्ड आणि दोघांना बेसिक पुरेल असं निघालं. मला वाटतं लहान धंद्याला मिळणारी खरी सवलत हीच आहे, आणि ती कुणी जाहिरातीत देत नाही.

दुसरी सवलत मुदतीत आहे. महिन्या-महिन्याच्या बोलीवर घेतलं तर वर्षाच्या बोलीपेक्षा २० टक्के महाग पडतं. वर्षाची बोली करून हप्ते मासिक ठेवले तर एप्रिल २०२५ पासून ५ टक्के जास्त. मी वर्षाचे पैसे एकदम भरले. वर १८ टक्के जीएसटी, पण आमचा नंबर घातलेलं बिल असल्याने तो जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या पत्रकात, आला आणि सीए मॅडमनी क्रेडिट घेतलं. त्या ३,१९६ रुपयांच्या पीडीएफवर एक पैसाही मिळाला नव्हता.

वर्षाची बोली करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्या सात दिवसांत सीट (एका माणसाचं लायसन्स) रद्द करता येते, त्यानंतर वर्ष संपेपर्यंत कमी करता येत नाही, वाढवता कधीही येते. म्हणून कमीच घेऊन सुरुवात करा. नोव्हेंबरमध्ये आमचा एक ऑपरेटर सोडून गेला. त्याची सीट महिनाभर रिकामी पडली, मग नव्या मुलाच्या नावावर फिरवली. फिरवायला पैसे लागत नाहीत.

माझा अंदाज एका ठिकाणी चुकला. डिस्पॅचच्या मुलीला बेसिक दिलं होतं. तिच्या चलनाच्या शीटमध्ये मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) आहे आणि तो ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाही. त्यात पावसात रस्ता खणला की आमच्याकडे इंटरनेट जातं, मग ती हाताने चलन लिहीत बसायची. दोन आठवड्यांनी तिलाही स्टँडर्ड घेतलं. उरलेल्या मुदतीपुरतेच पैसे लागले. तिचं आधीचं बेसिक आता रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे आहे.

सगळ्यात जास्त आग्रह मी ज्याचा धरला ते सांगते. डीलरने खातं उघडताना मुख्य ॲडमिन म्हणून स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकला होता. "ताई, तुम्हाला कशाला त्रास, मी बघतो ना." हेतू वाईट नसेल, पण मी त्याच्यासमोर बसून ते बदलून घेतलं. नाव छापखान्याचं, डोमेन आमचं, ॲडमिन मी, ओटीपी माझ्या फोनवर. डीलरला दिलेले अधिकार ॲडमिनच्या सेटिंगमध्ये दिसतात आणि काढताही येतात, ते मी बिल देणं-घेणं एवढ्यावर आणून ठेवले. उद्या डीलरने दुकान बंद केलं तरी लायसन्स माझ्या नावावर आहे. त्या सहा महिन्यांत माझ्याकडे नेमकं हेच नव्हतं. पंचवीस अक्षरांची की होती, पण ती कुणाची होती ते मला ठाऊक नव्हतं.

आठ महिन्यांत रोजचं काम कसं चाललं? एकंदरीत समाधानाने. जानेवारीत काकांनी कॉस्टिंगच्या शीटवर चुकून दुसऱ्याच जॉबचे दर टाकून सेव्ह केलं. फाइलच्या जपून ठेवलेल्या आधीच्या आवृत्त्यांमधून आदल्या संध्याकाळची शीट पाच मिनिटांत परत मिळाली. पूर्वी असं झालं असतं तर कागदाचे दर पुन्हा फोनवरून विचारत बसलो असतो. सप्टेंबरच्या ऑडिटमध्ये ॲडमिनचं पान उघडून दाखवलं, बिल दाखवलं, मुद्दा दोन मिनिटांत संपला.

उरलेले दोन कॉम्प्युटर जुने, सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे. विंडोज ११ त्यांना घेत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते इंटरनेटवरून काढून फक्त जॉब कार्डांसाठी ठेवलेत, त्यावर वर्ड-एक्सेलसारखंच काम करणारं लिबरऑफिस आहे. ते फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही पूर्ण मुभा आहे. मराठीत मेनू येतात, मशीनवरच्या मुलांना ते आवडलं. आमची मॅक्रोवाली शीट मात्र त्यात धड चालली नाही. ज्यांच्याकडे साधी बिलं आणि पत्रंच असतात त्यांनी आधी हेच बसवून पाहावं, लायसन्सचा प्रश्नच येत नाही.

नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. ते आपोआप होतं, म्हणून मी ते डीलरला सांगून बंद करून घेतलंय आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर १ ऑगस्टला खूण करून ठेवलीय. त्या दिवशी पुन्हा वही काढायची. एक स्टँडर्ड कमी होईल असं आत्ताच दिसतंय, काकांचा मुलगा आता डिझाइनकडे गेलाय आणि त्याला वर्ड-एक्सेल क्वचितच लागतं.