नाताळात नाशिकला यायचं की तिथेच राहायचं? परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेली मंडळी पहिल्या वर्षी एक गोष्ट गृहीत धरतात. २४ डिसेंबरला शाळा बंद, २ जानेवारीला सुरू, मधल्या आठवड्यात नाशिकची चक्कर. घरचेही त्याच हिशेबाने बसलेले असतात. मग शाळेचं कॅलेंडर हातात पडतं आणि कळतं की थायलंड, व्हिएतनाम, जपान या तिन्ही देशांत २५ डिसेंबर ही सरकारी सुट्टीच नाही. आपल्याकडे आहे, तिकडे नाही.

तेव्हा ‘डिसेंबरात यायचं की नाही’ एवढंच विचारण्यात अर्थ नाही. त्या देशाची खरी लांब सुट्टी कधी पडते आणि त्या दिवसांत नाशिकला काय असतं, हे शेजारी शेजारी मांडून पाहायला हवं. मी थायलंडमध्ये शिकवलं आहे, नंतर व्हिएतनाममध्येही. त्यामुळे या दोन देशांबद्दल जरा ऐसपैस लिहितो, बाकीचं थोडक्यात.

आधी नाशिकची बाजू

दूरवरून डिसेंबरातलं नाशिक फार गोड दिसतं. थंडी खरीच असते. पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडचा आकडा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पण तुम्ही बॅग घेऊन दारात उभे राहता तेव्हा घरात असतं कोण? राज्य मंडळाच्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात. नाताळाला फार तर एखाद-दोन दिवस, कॉन्व्हेंट आणि सीबीएसईवाल्यांना जरा जास्त. भाऊजी अंबडच्या कंपनीत शिफ्टला, ताई ऑफिसात, भाचरं गॅदरिंगच्या तालमीत. आई दोन दिवस कौतुकाने खाऊ घालते, तिसऱ्या दिवशी विचारते, ‘आज काय करणार आहेस?’

लग्नं गाठायला यायचं म्हणाल तर तिथेही घोळ आहे. साधारण १६ डिसेंबरला धनुर्मास लागतो आणि तो संक्रांतीपर्यंत चालतो. पंचांग मानणारी घरं त्या काळात कार्य काढत नाहीत. म्हणजे तुमची सुट्टी नेमकी दोन हंगामांच्या मधल्या खड्ड्यात पडते. हुरडा जानेवारीत रंगतो, द्राक्षं त्यानंतर. येवल्याची पतंगबाजी भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस चालते, तोवर तुम्ही परत वर्गात फळ्यापुढे उभे.

डिसेंबरात नाशिकला खरंच पाहण्यासारखा असतो तो नाताळच. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळालं. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेतला प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर थेट इंग्लंडला पोहोचला. नाशकात इंग्रजी शिकून सातासमुद्रापार जाण्याचा मान तुमचा-माझा नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. मराठी ख्रिस्ती घरांत आजही नाताळाला करंज्या आणि शंकरपाळे होतात. तुमचं कुणी त्या घरांपैकी असेल तर पुढचं सगळं विसरा आणि डिसेंबरचंच तिकीट काढा.

थायलंड: डिसेंबर सोडा, चैत्र धरा

थायलंडमधलं शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरात, आणि मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. डिसेंबरात ५ आणि १० तारखेची सुट्टी मिळते, मग ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी. शनिवार-रविवार जोडून आले तर चार-पाच दिवस हाती लागतात. त्यातले दोन दिवस बँकॉक-मुंबई-नाशिक आणि परत यात जाणार. कसारा घाटातली गर्दी वेगळी.

शिवाय २५ तारखेला तुम्ही शाळेत हवेच असता. परदेशी शिक्षक म्हटला की तो नाताळचा तज्ज्ञ, मग त्याच्या घरी देवघरात गणपती का असेना. पटांगणात सकाळची हजेरी, वर तिशीच्या घरातलं तापमान, पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या, आणि माझ्या अंगात सांताचा जाड पायघोळ अंगरखा. दाढी घामाने सुटून हनुवटीवर लोंबायला लागली, तशी पहिलीतली एक मुलगी पुढे आली आणि ती दोन्ही हातांनी नीट वर सरकवून गेली. मग माइक हातात: ‘टीचर, गाणं!’ त्यानंतर चिठ्ठ्या काढून भेटवस्तूंची अदलाबदल. प्रत्येकाने ठरलेल्या किमतीची एक वस्तू आणायची आणि ज्याच्या नशिबी जे येईल ते घ्यायचं. मला टूथपेस्ट आणि बिस्किटांची टोपली मिळाली. असा नाताळ चुकवून नाशकात दुलईत लोळत पडण्यात काही शहाणपण नाही.

याउलट मार्च-एप्रिलचं गणित पाहा. सुट्टी लांब, घाई नाही. तिथी जुळल्या तर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी गाठता येतात. पेशवेकालीन हौद उघडून त्यात रंग भरतात आणि लोक धप्पकन उड्या मारतात, हे बाहेरच्याला नुसतं सांगून पटत नाही. गुढीपाडवा, काळाराम मंदिरातली रामनवमी, मग कामदा एकादशीला निघणारे रामरथ आणि गरुडरथ. चैत्राचा हा सगळा पट्टा सुट्टीत बसतो. एप्रिलात भाचरंही परीक्षेतून सुटतात. ऊन तेवढं चाळिशीला टेकतं, आणि १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणीखेळ, हातचा जातो. माझ्या मते सौदा फायद्याचाच.

एक गोष्ट मात्र डिसेंबर असो की एप्रिल, विसरू नका. कामाच्या व्हिसावर राहण्याची मुदत वाढवून घेतलेली असते. री-एंट्री परमिट न घेता देशाबाहेर पाय टाकला की ती मुदत रद्द होते आणि सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. एकदाच्या परतीच्या परमिटची फी १,००० बाट. तिकिटावर सूट शोधण्यात रात्री घालवणारे लोक हे परमिट विसरतात.

व्हिएतनाम: पहिलं वर्ष तिथे, दुसरं इथे

व्हिएतनाममध्ये डिसेंबरचा प्रश्नच मिटतो. नाताळाला चर्चपुढे रोषणाई पाहायला गर्दी लोटते, फोटो काढले जातात, पण वर्ग सुरूच. नव्या वर्षाचा एक दिवस सुटी. खरी सुट्टी तेतची, म्हणजे चांद्र नववर्षाची. कायद्याने पाच दिवस, शाळा आणि शिकवणी केंद्रं मात्र आठवडा ते दोन आठवडे बंद राहतात. तारीख दरवर्षी सरकते: २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २६ जानेवारी.

तेतच्या आधीचे दिवस आपल्या माणसाला परके वाटत नाहीत. घराची झाडलोट, नवे कपडे, जुनी उधारी फेडण्याची लगबग. हनोईच्या रस्त्यावर स्कूटरच्या मागच्या सीटवर कुमक्वाटचं, म्हणजे छोट्या संत्र्यासारख्या फळाचं, अख्खं लगडलेलं झाड दोरीने करकचून बांधलेलं असतं आणि चालवणारा आरामात सिग्नलला थांबलेला. उत्तरेत पीचच्या गुलाबी फांद्या, दक्षिणेत ‘माई’ नावाची पिवळी फुलं. चिकट भात, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस पानांत चौकोनी बांधून बान्ह चुंग करतात. ते दहा-बारा तास उकळत ठेवावं लागतं, म्हणून भल्यामोठ्या पातेल्याभोवती घरातली माणसं रात्रभर गप्पा मारत जागतात. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, नुसत्या डाळीचंही करतात. एरवी ‘चाय’ अशी पाटी असलेल्या शाकाहारी खाणावळी सापडतात, पण तेतच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांतल्याही अनेक बंद. तांदूळ, भाजी, अंडी, दूध आधीच भरून ठेवायचं.

आणखी एक. नववर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर वर्षाचं नशीब ठरतं, असं मानतात. ते पाऊल कुणाचं हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं. म्हणून त्या दिवशी ‘सहज आलो होतो’ म्हणत कुणाच्या दारात जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलावलं तर जा, लहान मुलांसाठी लाल पाकिटात कोऱ्या नोटा घालून न्या.

सहकारी किंवा घरमालकीण गावी चल म्हणाली, तर पहिल्या वर्षी जाच. नाशिक कुठे पळून जात नाही. पण कुणी बोलावलं नाही, तर बंद शहरात एकट्याने खोलीत बसणं फार जड जातं. हनोईत त्या दिवसांत दमट गारठा असतो आणि घरांत हीटर सहसा नसतो. नाशिकचा स्वेटर पुरतो, पण कपडे चार दिवस वाळत नाहीत.

दुसऱ्या वर्षी तेतला सरळ नाशिक गाठा. फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम महिना: द्राक्षांचा भर, पहाटे गार, दुपारी सुसह्य, लग्नांचे मुहूर्त सुरू झालेले. फेब्रुवारीतच नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, त्या शनिवार-रविवारी तिथून गाडी काढायच्या भानगडीत मात्र पडू नका.

जपान आणि आखात

जपानमध्ये दुसरं सत्र २४-२५ डिसेंबरच्या सुमारास संपतं आणि शाळा ७-८ जानेवारीला उघडतात. म्हणजे डिसेंबरात यायला खरा वाव इथेच आहे. तरी पहिल्या वर्षी राहावं, असंच सांगेन. नाताळ तिथे जोडप्यांचा आणि केकवाल्यांचा. १९७४ च्या जाहिरातीपासून केएफसीचं चिकन आगाऊ नोंदवण्याची रीतच पडली आहे. खरा सण १ ते ३ जानेवारी. ३१ च्या रात्री देवळात १०८ टोले, घरी सोबा नूडल्स (शाकाहाऱ्यांनो, रश्श्यात मासा असतो), सकाळी देवदर्शनाची लांब पण शिस्तीची रांग. नाशिकसाठी उन्हाळी सुट्टी ठेवा. ती जुलै-ऑगस्टात येते, श्रावण लागलेला असतो आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घडते. डिसेंबरातच यायचं असेल तर दिल्लीत विमान बदलणं टाळा, धुक्याने पुढचं विमान चुकतं.

आखातातल्यांनी फार विचार करू नये. अमिरातीत डिसेंबरच्या मध्यापासून तीनेक आठवडे शाळा बंद, मुंबई तीन तासांवर. या.

सुट्टीत तिकडेच फिरायचं झालं तर

थायलंडचे किनारे डिसेंबरअखेरीस सर्वांत महाग आणि सर्वांत भरलेले. व्हिएतनामचा मधला भाग, दा नांग आणि होई आन, नोव्हेंबर-डिसेंबरात पावसात भिजत असतो. त्यापेक्षा आहात त्याच गावात सायकल काढा.

सही करण्याआधी

करार दहा महिन्यांचा की बारा, हे आधी विचारा. दहाचा असेल तर थायलंडमधली ती सुंदर लांब सुट्टी बिनपगारी असते. व्हिएतनामच्या केंद्रांत पगार तासावर असेल तर तेतचे दोन आठवडे शून्य, आणि नेमकं तेव्हाच तिकीट महाग. जपानमध्ये काही कंपन्या सुट्टीच्या महिन्याचा पगार कमी देतात. वर्क परमिटसाठी पासपोर्ट नेमका कोणत्या आठवड्यात ऑफिसात अडकणार तेही विचारून घ्या, आणि तिकीट त्यानंतरच काढा.