विंडोजवर लिनक्स: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की डब्ल्यूएसएल?

विंडोज न काढता लिनक्स चालवायचं असेल, तर घरच्या संगणकावर तीन पर्याय सोयीचे आहेत: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो आणि मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय). पहिले दोन व्हर्च्युअल मशीन बनवतात, म्हणजे विंडोजच्या एका खिडकीत चालणारा आभासी संगणक. हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं साधन, विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण मिळत नाही, म्हणून त्याचा विचार इथे करत नाही.

आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला लिनक्स ही प्रणालीच शिकायची आहे, की तिच्यावरची साधनं तेवढी वापरायची आहेत?

बॅश (लिनक्सच्या कमांड), पायथन, डॉकर एवढंच काम असेल तर डब्ल्यूएसएल २ घ्या. टर्मिनलमध्ये एक कमांड द्यायची, संगणक रीस्टार्ट करायचा, की उबुंटू हजर. आत खरं लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) असतं, काही सेकंदांत सुरू होतं आणि रॅम लागेल तशी घेतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर कूडाही (कार्डाकडून आकडेमोड करून घेणारं तंत्र) चालतं; मशीन लर्निंग करणाऱ्यांसाठी ही बाब निर्णायक आहे, कारण व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअरमध्ये ते जमत नाही. पथ्य एकच: प्रकल्पाच्या फाइली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर गिट आणि एनपीएमसारखी प्रोग्रामिंगची साधनं रखडत चालतात.

शिकायचंच असेल तर मात्र मी डब्ल्यूएसएल सुचवणार नाही. पार्टिशन पाडणं, बूटलोडर (संगणक सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम) बसवणं, डेस्कटॉप निवडणं यातलं काहीच तिथे तुमच्या वाट्याला येत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे सगळं स्वतःच्या हातांनी करावं लागतं आणि वर स्नॅपशॉट मिळतो, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवता येते. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी याहून मोलाची सोय नाही. स्नॅपशॉट घ्या आणि मग बिनधास्त एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) चुकीची ओळ लिहा, नको ते पॅकेज उडवा. मशीन बूटच झालं नाही तरी थोड्याच वेळात पूर्वीच्या स्थितीत परत येता येतं आणि विंडोजला धक्काही लागत नाही. मोडायची भीती गेली की माणूस खरं शिकायला लागतो. सिस्टिम ॲडमिनच्या नोकरीची तयारी असेल तर दोन मशीन उभी करून त्यांचं आपसात नेटवर्कही जोडता येतं.

आता व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर यांत कोण? व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त स्रोत आहे, खातं न उघडता थेट उतरवता येतो आणि नवशिक्यांसाठीचे बरेच धडे त्यावरच बेतलेले असतात. त्याचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सुविधांचा वेगळा भाग) मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच फुकट आहे. ऑफिसच्या संगणकावर तो टाकू नका. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२४ पासून ऑफिसच्या वापरासाठीही मोफत झालं. ते उतरवण्यासाठी ब्रॉडकॉमचं खातं उघडावं लागतं आणि ते काम कंटाळवाणं आहे, पण नोमसारखा जड डेस्कटॉप त्यावर अधिक सफाईने हलतो.

एक अडचण नवख्यांना हमखास गाठते. डब्ल्यूएसएल किंवा विंडोज ११ मधली मेमरी इंटेग्रिटी (घातक सॉफ्टवेअरपासून विंडोजचा गाभा जपणारी सोय) चालू असेल, तर प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनचा (व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवण्याची क्षमता) ताबा हायपर-व्हीच्या गाभ्याकडे जातो; हा गाभा होम आवृत्तीतही असतो. मग व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या आधाराने चालतं आणि मंदावतं. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं की समजा तेच झालंय. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर वेगासाठी मेमरी इंटेग्रिटी बंद करू नये, हे माझं ठाम मत आहे. डब्ल्यूएसएल आणि व्हर्च्युअल मशीन दोन्ही हवं असेल तर व्हीएमवेअर घ्या, ते या परिस्थितीत जास्त बरं निभावून नेतं.

रॅमचा हिशेब कठोर आहे. उबुंटू २४.०४ डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा लागते. एकूण ८ जीबीच असेल तर विंडोज आणि उबुंटू दोन्ही धापा टाकतील, तिथे लुबुंटू किंवा झुबुंटू या उबुंटूच्या हलक्या आवृत्त्या बसवा. १६ जीबी आणि एसएसडी असेल तर हा प्रश्न येत नाही.

काहीही उतरवण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून 'व्हर्च्युअलायझेशन' एनेबल्ड आहे का ते पाहा. नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) इंटेलसाठी व्हीटी-एक्स किंवा एएमडीसाठी एसव्हीएम सुरू करा. त्यावाचून तिन्हींपैकी एकही पर्याय नीट चालणार नाही.