दारावरचा स्टिकर आधी वाचा: डुरँगो व्ही-६ आणि २२ फुटी ट्रेलर, ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात आम्ही वापरलेली डॉज डुरँगो घेतली. २०१९ ची, व्ही-६ म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, ऑल-व्हील ड्राइव्ह, कारखान्यातूनच टो पॅकेज (ट्रेलर ओढण्याची सोय) बसवून आलेली. त्याच महिन्यात २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घरही घेतलं. राहायला फ्रीमाँटला, कॅलिफोर्नियात. आतापर्यंत ट्रेलर लावून साधारण २,४०० मैल झाले: योसेमिटी दोनदा, पिनॅकल्स, मोरो बे आणि एकदा डॉनर समिट ओलांडून पलीकडे. आपल्या बऱ्याच मराठी घरांत सध्या ‘एसयूव्ही आहेच, मग ट्रेलर का नको’ असा विचार चालू असतो. माझ्याकडे तीन-चार जणांनी विचारणा केली, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचा टायर आणि वजनाचा स्टिकर वाचा. प्रवासी आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीवर १,३५० आहे. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो ६,२०० पौंड ओढण्याचा. विक्रेता तोच सांगतो, आपणही तोच धरून बसतो. पण कुटुंबवत्सल माणसाची गाडी त्या ६,२०० पर्यंत पोचायच्या कितीतरी आधी १,३५० वर अडते.

कशी, ते सांगतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पर्यायाने गाडीच्या पाठीवर येतो. तो टंग वेट. माझा ट्रेलर भरल्यावर ४,४८० पौंड, म्हणजे दोन टनांच्या थोडा वर. त्याचं टंग वेट ५६०. हे ५६० त्या १,३५० मधूनच जातात. आम्ही चौघं मिळून ४६०. हिचचं लोखंड ९०. गाडीत कितीही कमी ठेवलं तरी ६० पौंडांचं किडुकमिडुक. राहिले १८०. ओढायची क्षमता अजून १,७०० पौंड शिल्लक आहे, आणि गाडीत धड दोन मोठी माणसं बसवायलाही जागा नाही. वजनाची जागा म्हणतोय, सीट तर तीन रांगांत भरपूर आहेत.

ओढण्याचा आकडा खोटा नसतो, हेही सांगायला हवं. अमेरिकेत तो एसएई जे२८०७ या ठरलेल्या चाचणीने काढतात. ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅम ग्रेड नावाचा ११.४ मैलांचा चढ आहे. उन्हाळी उष्णतेत एसी चालू ठेवून तो ठरावीक वेगाच्या खाली न जाता चढावा लागतो. पण त्या चाचणीत गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागे पोरं, डिकीत कुकर आणि कूलर, छतावर पेटी, असलं काही त्यात नसतं. ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, तेही तसंच. आमच्या ट्रेलरचं ३,६०० छापलंय. गॅस, बॅटरी, पाणी, भांडी, अंथरूण-पांघरूण भरलं की ८०० ते ९०० पौंड वाढतातच. गॅलनभर पाणीच ८.३४ पौंडांचं.

गाडी निवडताना आम्ही टोयोटा हायलँडर, होंडा पायलट आणि निसान पाथफाइंडरही पाहिल्या. हायलँडर व्ही-६ आणि ऑल-व्हील ड्राइव्ह पायलट ५,००० पौंड ओढतात, २०२२ पासूनची पाथफाइंडर वरच्या व्हेरियंटमध्ये ६,०००. तिन्ही चांगल्या गाड्या. छोटा पॉप-अप (घडीचा तंबू-ट्रेलर) किंवा बोट ओढायची असेल तर मी डोळे मिटून हायलँडर घेतली असती, रोजच्या वापराला ती हलकीफुलकी आहे. आमचं मन डुरँगोकडे वळलं ते दोन गोष्टींमुळे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर डुरँगोत ११९.८ इंच आहे, हायलँडरमध्ये ११२.२. हे सात-साडेसात इंच कागदावर काहीच वाटत नाहीत. बाजूचा वारा ट्रेलरला ढकलतो तेव्हा लांब गाडी सहज वळत नाही, सरळ राहते, हे मला रस्त्यावर कळलं. दुसरं, टाकी. डुरँगोची २४.६ गॅलन, हायलँडरची १७.९. ट्रेलर लावल्यावर मला गॅलनला साडेदहा मैल मिळतात, एरवी हायवेला २३. म्हणजे मोठ्या टाकीतही २०० मैलांवर पंप शोधायला लागायचं. लहान टाकी असती तर जेवायला एक आणि पेट्रोलला दोन असे थांबे झाले असते, तेही ट्रेलर आत घालून बाहेर काढता येईल अशा पंपावर. व्ही-८ घेतली नाही, कारण वर्षातले तीनशे दिवस ती मला एकट्याला ऑफिसला नेते.

आता सामग्री. सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. तिचे लोखंडी बार ताणले की मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर सरकतो. गाडीच्या माहितीपुस्तकात ती चालते का, हे आधी बघा. काही कंपन्या चालेल म्हणतात, काही नको म्हणतात. पहिल्यांदा नुसता बॉल (ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा) लावून, बारांशिवाय ट्रेलर जोडला आणि बाजूने फोटो काढून बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. बाबा वाळवा तालुक्यातले, ट्रॅक्टरने उसाची ट्रॉली ओढण्यात उमेदीची वर्षं गेलेली. त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, “अरे, पुढचं उचललंय की तुझं! ट्रॅक्टरचं असंच होतंय, भार मागं आला की स्टेअरिंग ऐकत न्हाई.” एका फोटोवरून त्यांनी ओळखलं. मागचा भाग तर दिसतच होता खाली बसलेला, पण खरी गोष्ट पुढच्या चाकांची होती.

मग ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गेलो. तिथे पुढचा ॲक्सल (चाकांचा आस), मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून मिळतं. तीन वेळा मोजलं. नुसती गाडी: पुढे २,७००, मागे ३,०६०. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,४८०, मागे ३,८४०, ट्रेलरच्या ॲक्सलवर ३,९२०. म्हणजे पुढच्या चाकांवरचे २२० पौंड गायब. बार ताणून: पुढे २,६२०, मागे ३,६००, ट्रेलर ४,०२०. तिन्हींची बेरीज तीच, १०,२४०, फक्त भार जिथे हवा तिथे सरकला. हा कागद मी अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. ज्या दिवशी ट्रेलर आणाल त्याच आठवड्यात काट्यावर जा. या सगळ्या खर्चात काट्याची पावती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची. माझ्या गाडीला मागे उंची आपोआप सावरणारे शॉक ॲब्सॉर्बर आहेत. ते गाडी चालवल्यावरच उचलतात, त्यामुळे बार ठरवण्याआधी मैलभर फेरी मारून मगच फेंडरची उंची टेपने मोजायची. हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी वाया गेल्या.

ब्रेक कंट्रोलर मात्र नीट तपासून घ्या. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात, गाडीतला कंट्रोलर त्यांना किती जोर लावायचा ते सांगतो. प्रपोर्शनल प्रकारचा घ्या, तो आपण जितकं दाबू त्या प्रमाणात ट्रेलरला थांबवतो. मी एका दुकानातून बसवून घेतला. डॅशबोर्डवर दिवा लागला, दुकानातला पोरगा म्हणाला झालं, मी पैसे दिले. घरी येण्याआधी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये २० मैलांच्या वेगाने फक्त हाताची कळ दाबून पाहिली. ट्रेलरने काहीच केलं नाही. गाडी तशीच पुढे. कंट्रोलरच्या मागची एक तार भलत्याच ठिकाणी जोडली होती. दिवा लागत होता, मागे वीजच जात नव्हती. चार हजार पौंड बिनब्रेकचे मागे लावून मी फ्रीवेवर चढणार होतो, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. आता प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला, गल्ली सोडायच्या आत, ती कळ दाबून ट्रेलर मागे खेचतो का ते बघतोच.

ऑल्टामाँट पासचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. योसेमिटीहून परतताना ५८० हायवेवर पवनचक्क्यांच्या टेकड्या लागतात. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, परतीला तो थेट समोरून. त्यात शेजारून मोठा ट्रक गेला. आधी आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. स्टेअरिंग हातात सैल पडल्यासारखं झालं. मागच्या सीटवरची बडबड थांबली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडीचा ब्रेक दाबला नाही, बोटाने फक्त ट्रेलरच्या ब्रेकची कळ सरकवली. ट्रेलर मागे ताणला गेला आणि दोन-तीन हेलकाव्यांत सरळ झाला. सगळं मिळून पाच सेकंद असतील.

कारण घरी आल्यावर सापडलं. जाताना चारही सायकली ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर आडव्या टाकल्या होत्या. येताना त्या चिखलाने भरल्या म्हणून मागच्या बंपरच्या स्टँडवर लावल्या. स्टँड धरून १५० पौंड. शिवाय पुढच्या अंगाची पाण्याची टाकी रिकामी केली. शेपटीला वजन, तोंडाला हलकं. टंग वेट मोजलं तर ३९० भरलं, एकूण वजनाच्या ९ टक्क्यांच्याही आत. हिच तीच, गाडी तीच, चालवणारा तोच. सायकली आता गाडीच्या छतावर जातात आणि तितकं सामान गाडीतून कमी होतं. ट्रेलरच्या बंपरवर काहीही लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

चढाबद्दल बरेच जण विचारतात. योसेमिटीला १२० हायवेने जाताना मोकासिनच्या पुढे प्रीस्ट ग्रेड नावाचा चढ लागतो. जुना रस्ता अंतराने कमी, पण इतका उभा की ट्रेलर घेऊन तिकडे फिरकूही नका. नव्या रस्त्याने वळणं घेत जायचं. या इंजिनाचा टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) ४,००० आरपीएमला सर्वाधिक मिळतो, त्यामुळे चढावर ते ४,००० ते ४,५०० वर गुरगुरत राहतं. पहिल्यांदा बायको म्हणाली, “अहो, काहीतरी मोडतंय बहुतेक.” काही मोडत नाही, इंजिन त्यासाठीच बनवलंय. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. उतारावर गिअर हाताने तिसऱ्या-चौथ्यावर घ्या आणि ब्रेक थंड ठेवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावल्यावर वेगमर्यादा ५५ आहे आणि उजव्या बाजूच्या लेनमध्ये राहायचं असतं. सुरुवातीला लाज वाटायची, आता ५५ ला मनही शांत असतं आणि मायलेजही.

टायरचं थोडक्यात. ट्रेलरच्या टायरवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या छापील कोडच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. आमच्या एका टायरवर ३४१७ होतं, म्हणजे २०१७ चा ३४ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर म्हातारं. चारही बदलले. आरसे जोडून लावायचे घ्या, मागचे २०० फूट दिसले पाहिजेत असा कायदाच आहे.

एप्रिलमध्ये आई-बाबा आले. बाबांनी पहिल्याच दिवशी मला ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं. मी सहा महिने आरशांशी झगडत होतो. ते शेजारी उभे राहून एवढंच म्हणाले, “ट्रेलरच्या चाकाकडं बघ, गाडीकडं नको. आन् हात स्टेअरिंगच्या खाली धर.” खाली धरलेला हात ज्या बाजूला न्याल, त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. अर्ध्या तासात ड्राइव्हवेत सरळ लागला.

पण त्यांना घेऊन जायचं ठरलं तेव्हा तो १,३५० चा आकडा समोर आला. दोघांचे मिळून २९० पौंड, वर त्यांच्या बॅगा. उरले होते १८०. बारांमुळे शंभरेक पौंड ट्रेलरकडे गेलेत हे धरलं, तरी गाडी मर्यादेच्या वरच. बाबा म्हणाले, “एवढ्यानं काय होतंय?” त्यांच्या शब्दाबाहेर जायची मला सवय नाही. तरी काट्याचा कागद काढून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या, बेरीज स्वतः केली आणि आईला म्हणाले, “आपण सूनबाईबरोबर मागच्या गाडीतनं जाऊ.”

मोरो बेला तसेच गेलो. पुढे मी, पोरं आणि ट्रेलर, मागे बायकोच्या कोरोलात आई-बाबा. सॅलिनासच्या पुढे बाबांचा फोन आला: ट्रेलरचा डावा इंडिकेटर लागत नाही, बाजूला घे. सात पिनांच्या प्लगमध्ये वाळू अडकली होती. पुसून पुन्हा लावला, बाबा मागे उभे राहून डावा, उजवा, ब्रेक, असं एकेक ओरडून सांगत होते.