आप्पा कुठे जाऊन आले?

यावलच्या आमच्या आप्पांचं हृदय दवाखान्यात काही मिनिटं बंद पडलं होतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "केळीच्या बागेत पाण्याची पाळी चालू होती. बांधावर माय उभी होती, तिने हातानेच माघारी फिरवलं." माय जाऊन चाळीस वर्षं झाली.

एक उत्तर मेंदूचं. हृदय थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते, पण मेंदू लगेच विझत नाही. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठात उंदरांचं हृदय थांबवल्यावर पहिल्या तीस सेकंदांत मेंदूत लहरींची मोठी उसळी दिसली. शिवाय जो तो आपल्याच ओळखीचं बघतो. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत यमदूत चुकीचा माणूस उचलतात आणि परत पाठवतात. आप्पांना केळीबाग दिसली.

दुसरं उत्तर, जाणीव देहापलीकडे उरते. डच हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेले 344 रुग्ण तपासले. 62 जणांना असे अनुभव होते. प्राणवायूची कमतरता हेच कारण असतं, तर ते बहुतेकांना यायला हवे होते, हा त्यांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. मात्र काही जण देहाबाहेर पडून वरून सगळं पाहिल्याचं सांगतात, ते तपासायला डॉक्टर सॅम पार्निया यांनी फक्त छताकडूनच दिसतील अशी चित्रं दवाखान्यांत उंच फळ्यांवर ठेवली होती. त्यांच्या 2014 च्या अहवालात ती पाहिल्याचं कोणीच सांगितलं नाही.

मला मेंदूचं उत्तर जास्त पटतं, कारण हे सगळे परत आलेले होते, म्हणजे त्यांचा मेंदू पुरता मेलेला नव्हता. तरी आप्पांची मरणाची भीती गेली, ती खरीच गेली. आता ते पहाटे एकटेच पाणी धरायला जातात.