सात महिने स्टॉकफिश, तेही फक्त राजा-प्याद्यांसाठी

मी इंजिन, म्हणजे स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, ओपनिंगसाठी वापरत नाही. माझं रेटिंग साडेसोळाशेच्या आसपास घुटमळतंय, आणि कितीही पाठांतर केलं तरी दहाव्या चालीला समोरचा काहीतरी भलतंच खेळतो. माझे गुण जातात ते शेवटी, पटावर दोन राजे आणि मूठभर प्यादी उरली की. गेल्या गणपतीनंतर एका स्पर्धेत असाच अर्धा गुण घालवला आणि घरी येऊन ठरवलं, आता याला फक्त हेच विचारायचं.

तो डाव असा. हत्तींची मारामारी झाली तेव्हा माझा राजा ई५, प्यादं ई४, त्याचा राजा ई७ आणि चाल माझी. एक प्यादं जास्त, शिवाय राजा पुढे, म्हणून मनातल्या मनात मी गुण लिहूनही टाकला होता. निघाली बरोबरी. आमनेसामने उभ्या राजांत हलायची वेळ माझ्यावर आली, म्हणजे अपोझिशन त्याच्याकडे. चीड येते ती वेगळ्याच कारणाने. हत्ती पटावर असतानाच मी ते प्यादं ई३ वरून ई४ ला ढकललं होतं, काही गरज नसताना, पुढे गेलेलं बरं म्हणून. ते ई३ वरच असतं, तर याच जागी मी ई४ खेळलो असतो, चाल त्याच्यावर गेली असती, त्याच्या राजाला बाजूला व्हावंच लागलं असतं आणि डाव माझा होता. हातची एक चाल मी आधीच उधळून बसलो होतो.

घरी दोन्ही पोझिशन लावल्या. ई४ वाल्यात ०.००, म्हणजे बरोबरी, ई३ वाल्यात थेट जीत. दोघांत फरक एका घराचा, आणि मधला आकडा कुठेच नाही. सात महिन्यांत मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) आकड्यांचं माप बदललंय. +१ म्हणजे एक प्यादं जास्त, हा अर्थ गेला. आता +१ म्हणजे तुल्यबळ इंजिनासमोर जिंकायची पन्नास टक्के शक्यता. मिडलगेममध्ये हे ठीक आहे. पण राजा-प्याद्यांत अर्धी जीत असते कुठे? पोझिशन एकतर जिंकलेली असते, नाहीतर बरोबरीची. तेव्हा अशा ठिकाणी +१.३ दिसलं, की मी ‘पांढरा थोडा बरा’ असं वाचत नाही. ‘अजून मोजून झालेलं नाही, थांब’ असं वाचतो. आणि बहुतेक वेळा थोडं थांबलं की आकडा एका बाजूला कोसळतो.

आता सेटिंगचं. लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमचा. स्टॉकफिश फुकट आणि मुक्त स्रोत, म्हणजे खर्च शून्य. पण नुसतं उतरवून वापरू नका, त्यात हॅश, म्हणजे मोजलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची जागा, मूळचा फक्त १६ एमबी असतो. मी तो १०२४ केला आणि प्याद्यांच्या पोझिशनमध्ये फरक लगेच जाणवला.

हॅश इथेच एवढा का लागतो, हे ‘फाइन ७०’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोझिशनवर छान दिसतं. मूळ रचना लास्कर आणि राइखहेल्म यांची, १९०१ सालची. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. नीट पाहा, एकही प्यादं हलू शकत नाही. हलतात ते फक्त दोन राजे. पांढऱ्याला एकतर डावीकडून बी५ ला घुसायचंय नाहीतर उजवीकडून वळसा घालून एफ५ चं प्यादं खायचंय, आणि काळ्या राजाला दोन्ही दारं एकट्याने राखायचीत. राजे इकडून गेले काय नि तिकडून गेले काय, पोझिशन त्याच त्या परत येतात. त्या लक्षात ठेवायला जागा असेल, तर इंजिन एकदा मोजलेलं पुन्हा मोजत बसत नाही. माझ्याकडे उत्तर चहाचा घोट घेईपर्यंत येतं. म्हणूनच ही पोझिशन प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षं चाचणीला वापरत आलीत.

दुसरी गंमत, इंजिन इथे स्वतःची एक लाडकी युक्ती गुंडाळून ठेवतं. एरवी ते मनाशी म्हणतं, ‘समज, मी चाल खेळलोच नाही, तरी मी बरा आहे ना? मग ही फांदी आणखी तपासायची गरज नाही.’ याला नल मूव्ह म्हणतात. पण प्याद्यांच्या खेळात चाल करावी लागणं हेच तर दुखणं असतं, म्हणजे झुगझ्वांग. चाल सोडता येते असं इथे धरलं की हिशोबच चुकतो. म्हणून चाल असलेल्या बाजूकडे राजा-प्याद्यांखेरीज काही उरलं नसेल, तर स्टॉकफिश ही युक्ती वापरत नाही.

पूर्वी त्यात आणखी एक गोष्ट होती, मला फार आवडायची. एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, याचं संपूर्ण उत्तरपत्र प्रोग्रामच्या आतच भरलेलं असायचं. प्याद्याची २४ घरं (उरलेली आरशातली), दोन राजांची प्रत्येकी ६४ आणि चाल कोणाची याचे दोन पर्याय. एकूण १,९६,६०८ पोझिशन, प्रत्येकीला एक बिट, सगळं मिळून २४ केबी! माझ्या फोनवरचा ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून मोठा असतो. पुढे हाताने लिहिलेलं मूल्यमापन गेलं, सगळं न्यूरल नेटवर्कवर आलं आणि हे उत्तरपत्रही गेलं. खेळाची ताकद वाढलीच आहे, तक्रार नाही. जरा हळहळ वाटते इतकंच.

त्याची जागा आता टेबलबेसने घ्यायची, म्हणजे राजे-प्यादी धरून थोडीच मोहरी उरलेल्या पोझिशनची तयार उत्तरं असलेल्या फायलींनी. सिझिजी टेबलबेस रोनाल्ड द मान यांनी केलेले. पाच मोहऱ्यांपर्यंतचे जेमतेम एक जीबीत बसतात. ते टाकाच. सहापर्यंतचे साधारण दीडशे जीबी होतात, त्यासाठी मी बाहेरची डिस्क घेतली आणि तिच्यात एकही सिनेमा नाही हे घरी पटवून देताना नाकी नऊ आले. सात मोहऱ्यांचे टेराबाइटमध्ये जातात, ते लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जाऊन बघतो.

तक्रारी आहेत. टेबलबेस जोडला की जिंकलेल्या पोझिशनला दोनशेच्या घरातला आकडा येतो. पुतण्याला शिकवताना त्याने विचारलं, ‘काका, दोनशे प्यादी कुठून आली?’ दुसरं, टेबलबेसच्या यादीत चालीपुढे जी संख्या दिसते ती मात किती चालींत याची नसते. पुढची प्याद्याची चाल किंवा मारामारी होईपर्यंतचं ते अंतर असतं. मी पहिला महिनाभर चुकीचं वाचत होतो. तिसरं, पट पूर्ण बंद असेल, घुसायला वाटच नसेल, तरी जास्तीच्या मोहऱ्यांमुळे इंजिन प्लस दाखवत राहतं. मग दोन्हीकडून राजे येरझाऱ्या घालू लागले, की पन्नास चालींचा नियम जवळ येईल तसा आकडा हळूहळू सुकत जातो. असं सुकताना दिसलं तर समजावं, आत काही नाहीये.

आणि एक गोष्ट याला कधीच विचारता येणार नाही. आजोबा खेळायचे त्या देशी पद्धतीत प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं, हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती. त्या नियमाने ही सगळी उत्तरपत्रं रद्दीत जातील.

हल्ली मी इंजिनाचा आकडा दाखवणारा बार झाकून ठेवतो आणि पोझिशन इंजिनाविरुद्ध खेळतो. फाइन ७० वर पांढऱ्या बाजूने पहिल्यांदा बसलो तेव्हा राजा सरळ बी२ ला नेला, पुढे जायचंय तर पुढेच, नाही का? समोरून काळा राजा ए८ ला, कोपऱ्यात जाऊन बसला. दहा मिनिटं डोकं खाजवलं, मग बार उघडला. ०.००. जिंकणारी चाल एकच होती, बी१, पुढे न जाता आडवी.