एनएसआरएल आठ महिने वापरल्यावर: काय गाळलं जातं, काय सुटतं

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची एनएसआरएल ही ओळखीच्या सॉफ्टवेअर फाइलींच्या हॅशची (फाइलीतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाची) मोफत यादी नाशिकमध्ये तपासणीला येणाऱ्या डिस्कवर आठ महिने वापरून झाली. विंडोज, ऑफिस, ड्रायव्हर यांच्या ओळखीच्या फाइली हॅशवरून बाजूला काढायच्या आणि माणसाने केलेल्या फाइलींवर वेळ घालवायचा, एवढंच तिचं काम. ते ती चोख करते.

मॉडर्न, लेगसी, अँड्रॉइड, आयओएस असे संच आहेत. रोजच्या कामाला मॉडर्नचा मिनिमल प्रकार पुरतो. त्यात एका हॅशची एकच नोंद असते. यादी एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलीत येते, ती वेगवान एसएसडी डिस्कवरच ठेवा.

पहिल्याच जुळणीत शून्य फाइली सापडल्या तर घाबरू नका. यादीतले हॅश कॅपिटल अक्षरांत असतात, हॅशडीप हे हॅश काढणारं टूल स्मॉल अक्षरांत देतं आणि एसक्यूलाइटच्या लेखी ही दोन वेगळी. आपले हॅश टेंपररी टेबलात भरताना कॅपिटल करून घ्या आणि एकदाच जॉइन (दोन टेबलांची जुळणी) चालवा. अक्षरं बदलण्याचं फंक्शन यादीच्या कॉलमवर लावलंत तर इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) कामाला येत नाही, क्वेरी रेंगाळत राहते. जुळणी शक्यतो एसएचए-२५६ या हॅशप्रकारावर करा. जुन्या प्रकारांपैकी एमडी५ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश) २००४ मध्ये दाखवली गेली, एसएचए-१ ची २०१७ मध्ये.

शून्य बाइटच्या फाइली आधीच वेगळ्या काढा. त्या सगळ्यांचा हॅश एकच, त्यामुळे रिकामी केलेली ‘हिशोब’ नावाची फाइलही ओळखीची ठरून गुपचूप गळते.

यादी तिमाहीला निघते, विंडोजचे पॅच दर महिन्याला. ताज्या डीएलएल (विंडोजच्या प्रोग्राम फाइली) जुळल्या नाहीत म्हणून लगेच व्हायरसचा संशय नको. उलट, हॅकिंगची हत्यारंही या यादीत आहेत. रिपोर्टात ‘सुरक्षित’ असं लिहिलंत तर फसाल. ‘ज्ञात’ लिहा.

डेल्टा (यादीतले फक्त नवे बदल) लावताना लाइट गेली तर डेटाबेसशेजारची जर्नल फाइल उडवू नका. एसक्यूलाइट तिच्यावरूनच सावरतं.

खरी उणीव आपल्याकडच्या सॉफ्टवेअरची. कांदा आडतीचे हिशोब, मराठी टायपिंग, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पगारपत्रकं यातलं फारसं काही जुळत नाही. त्यासाठी स्वतःची यादी हवी, पण ती नव्या विंडोजवर मूळ सेटअपमधून इन्स्टॉल करूनच बनवा. वापरातल्या मशीनवरून घेतलीत तर एखाद्या गिऱ्हाइकाची डेटा फाइल त्यात शिरते आणि पुढच्या डिस्कवर नेमकी तीच गाळली जाते.